वारीला निघताय? आधी पायांकडे बघा!

अडीचशे किलोमीटर चालायचं म्हणजे खरेदी आलीच. पण हिमालयासाठी बनवलेली बॅग आणि बूट घेऊन दिवे घाट चढणाऱ्यांनो, जरा थांबा. वारीची गरज वेगळी आहे, आणि तिचं बजेटही!

मे संपत आला की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये विषय हमखास निघतो. 'यंदा येतोस का वारीला?' अप्रेझल होऊन गेलेलं असतं, मनासारखं झालेलं असो वा नसो, कुठेतरी लांब निघून जावंसं वाटत असतंच. मग कुणी आळंदी ते पुणे असा एका दिवसाचा बेत करतं, कुणी पुणे ते सासवड. आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एखादा तरी असा निघतो, जो म्हणतो, पूर्ण करायची. आळंदी ते पंढरपूर. साधारण अडीचशे किलोमीटर, अठरा-एकोणीस दिवस. २००६ च्या आसपास पुण्यात आयटी दिंडी सुरू झाली तेव्हा 'लॅपटॉपवाले वारकरी' हा बातमीचा विषय होता. आता त्याचं कुणाला फारसं अप्रूप राहिलेलं नाही.

अप्रूप वाटतं ते या मंडळींच्या खरेदीचं. साठ लिटरची रकसॅक, घोट्यापर्यंतचे जाडजूड ट्रेकिंग शूज, दोन हातांत दोन वॉकिंग पोल, उणे पाच डिग्रीला चालणारी स्लीपिंग बॅग! आणि शेजारून चालणारे परभणीकडचे सत्तरीचे आजोबा असतात साध्या चपलेत, खांद्याला कापडी पिशवी, कमरेला खोचलेला प्लॅस्टिकचा कागद. सासवडला पोचल्यावर पाय कुणाचे सुजलेत? अर्थातच आपल्या हीरोचे.

यावरून लगेच 'चला, आपणही चप्पल घालून जाऊ' असा निष्कर्ष काढू नका. आजोबांचे पाय वर्षभर शेतात, बांधावर, ढेकळांत चाललेले आहेत. त्यांच्या टाचेची कातडी हेच त्यांचं सोल! आपले पाय वर्षभर एसीत, फॉर्मल शूजमध्ये, टेबलाखाली असतात. त्यांची चप्पल आपल्याला झेपणार नाही. त्यांची पिशवी मात्र नीट बघून घ्या. वारीला किती सामान लागतं, याचं उत्तर तिथे आहे.

दोन बॅगांचा फंडा

वारी हा बॅकपॅकिंगचा प्रकार नाही, ही गोष्ट सगळ्यात आधी डोक्यात पक्की करा. तुम्ही एखाद्या दिंडीत रीतसर नाव घातलंत, भिशी भरलीत, की तुमचं मोठं सामान दिंडीच्या ट्रकमधून जातं. ट्रक पहाटे पुढे निघतो आणि संध्याकाळी मुक्कामावर भेटतो. म्हणजे पहाटे पाच ते संध्याकाळी सहा या वेळात जे लागेल तेवढंच तुमच्या अंगावर हवं, बाकी सगळं ट्रकमध्ये.

म्हणून बॅगा दोन. ट्रकमधली बॅग दिसायला कशीही चालेल, पण मजबूत हवी. तिच्यावर दुसऱ्यांच्या वीस वळकट्या पडणार आहेत, आणि ट्रकवर ताडपत्री असली तरी ओल कुठून तरी शिरतेच. चाकांची ट्रॉली बॅग चिखलात ओढून दाखवा, मग बोलू! साधी डफल बॅग, आत कचऱ्याची जाड काळी पिशवी आणि त्या पिशवीत कपडे, एवढं पुरे. बॅगेवर नाव आणि मोबाइल नंबर लिहाच, पण त्याहून महत्त्वाचा दिंडीचा क्रमांक. दिंड्यांना 'रथापुढे' आणि 'रथामागे' असे क्रमांक असतात. हरवलेली बॅग आणि हरवलेला माणूस, दोन्ही याच पत्त्यावर परत येतात. शिवाय बॅगेच्या मुठीला एक भडक रंगाची चिंधी बांधा. संध्याकाळी शंभर काळ्या-निळ्या बॅगांच्या ढिगात तुमची बॅग टॉर्चच्या उजेडात शोधायची असते.

दुसरी बॅग खांद्यावरची. कॉलेजची जुनी सॅक, दहा-पंधरा लिटरची, छातीवर पट्टा असेल तर उत्तम. त्यात पाण्याची एक बाटली (दोन नको, वाटेत टँकर असतात आणि गावागावांत लोक पाणी, चहा, केळी घेऊन उभे असतात), पावसाचं साधन, मोज्यांचा कोरडा जोड, पायांसाठीची छोटी किट, थोडे पैसे, आधार कार्ड आणि झिपवाल्या प्लॅस्टिक पिशवीत मोबाइल. बस्स. ही बॅग दीड-दोन किलोच्या वर गेली की समजा काहीतरी जास्त भरलंय.

बूट : इथे पैसे घाला

सगळ्या खरेदीत एकच गोष्ट अशी आहे जिच्यावर कंजुषी करू नये, आणि ती म्हणजे पायातलं. पण महाग म्हणजे योग्य असंही नाही.

वारीचा रस्ता कसा आहे ते बघा. दिवे घाटाची चढण सोडली तर जवळजवळ सगळा सपाट. डांबरी, आणि चौपदरीकरणानंतर बऱ्याच ठिकाणी काँक्रीटचा. दगड-धोंडे, घसरडे कडे असं काही नाही. घोट्याला आधार देणारे, कडक सोलचे हाय-अँकल बूट बनलेत ते खडकांसाठी. सपाट काँक्रीटवर त्यांचा उपयोग कमी आणि वजनाचा त्रास जास्त. पायातलं वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं, त्यामुळे बुटातले तीनशे ग्रॅम संध्याकाळपर्यंत पाठीवरच्या किलोपेक्षा महाग पडतात. सह्याद्रीत भटकणाऱ्यांचे लाडके ॲक्शन ट्रेकिंग किंवा हंटर शूज किल्ल्यावर झकास असतात, पण कडक रस्त्यावर रोज पंधरा-वीस किलोमीटर चालायला खाली मऊ गादी हवी. म्हणजे साधे रनिंग शूज. जाळीदार कापडाचे, हलके, बोटांशी ऐसपैस.

दुकानदार हमखास म्हणणार, 'साहेब, पावसाळा आहे, वॉटरप्रूफ घ्या.' इथे ठाम नाही म्हणायचं! वॉटरप्रूफ बूट दवासाठी, थोड्या ओल्या गवतासाठी ठीक. आपल्या पावसात पाणी खालून येतच नाही, ते पोटरीवरून ओघळत वरून बुटात शिरतं. आणि एकदा शिरलं की ज्या अस्तराने ते बाहेर थोपवायचं, तेच त्याला आत कोंडून ठेवतं. मग दिवसभर पायात छोटी विहीर घेऊन चाला. रात्रभर ते वाळतही नाहीत. जाळीचे बूट भिजतात लगेच, पण चालता चालता निथळतात आणि सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात. रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले तर आणखी लवकर.

माप घेताना खरेदी संध्याकाळी करा. दिवसभरात पाय फुगतात, आणि रोज सहा-सात तास चालल्यावर तर जास्तच. नेहमीच्या मापापेक्षा अर्धा किंवा एक नंबर मोठा घ्या; मोजे घालून उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच मात्र सुटता कामा नये. आणि कृपा करून प्रस्थानाच्या आदल्या दिवशी खरेदी करू नका. महिनाभर आधी घ्या, रोज घाला, दोन-तीन रविवार दहा-बारा किलोमीटर रस्त्यावर चाला. त्यातला एक रविवार ओल्या बुटांचा! मोज्यांसकट बूट बादलीत बुडवायचे आणि तास-दीड तास चालायचं. शेजारी बघतील, बघू देत. कुठे चावतंय, कुठे काचतंय ते घराजवळच कळलेलं बरं. हडपसरला कळून काय उपयोग?

आता एक गोष्ट जी कुठलाच सेल्समन सांगत नाही. वारीत पायातलं दिवसातून असंख्य वेळा काढावं लागतं. विसाव्याला, जेवायला, आरतीला, राहुटीत शिरताना. नाड्या सोडा, बांधा, सोडा, बांधा... तिसऱ्या दिवशी कंटाळून माणूस नाड्या ढिल्याच ठेवतो, आणि ढिला बूट म्हणजे फोडांना आमंत्रण. म्हणून ट्रकमधल्या बॅगेत पट्ट्यांचे फ्लोटर्स असूच द्यात. मुक्कामाला पायांना हवा मिळते, आणि सकाळी बुटांनी फारच छळलं तर दिवसभर सॅंडलवर निघता येतं. अंगठ्यात पट्टा येणारी स्लीपर मात्र फक्त आंघोळीपुरती. अनवाणी चालण्याचा मोहही होतो, सगळं वातावरणच तसं असतं. सवय नसेल तर दुपारच्या डांबरावर हा प्रयोग नको, आणि डायबेटिस असेल तर अजिबात नको.

फोड, चिखल्या आणि मोजे

पायाला फोड का येतो? कातडी मोज्याला चिकटून राहते, आतलं हाड प्रत्येक पावलाला पुढे-मागे सरकतं, मधले थर ओढले जाऊन सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. ओलावा आणि उष्णता असली की हे लवकर होतं. म्हणूनच सुती मोजे नकोत. ऑफिसला तेच बरे, पण ते घाम धरून ठेवतात. पातळ सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचे मोजे घ्या. (लोकर? जूनमध्ये? हो. पातळ लोकर ओली झाली तरी पायाला गिळगिळीत लागत नाही आणि वासही कमी मारते.) तीन जोड पुरतात : एक पायात, एक सॅकमध्ये, एक वाळत. वाळत घालायला सेफ्टी पिनांनी सॅकलाच टाचा, चालता चालता वाळतात. ज्यांना बोटांमध्ये फोड येतात त्यांनी पाच बोटांचे मोजे ट्राय करावेत. दिसतात विचित्र, काम चोख करतात.

दुपारच्या विसाव्याला बूट-मोजे काढायचेच. पाय पुसून, वाळवून, पुन्हा थोडं व्हॅसलीन चोळून कोरडा जोड घालायचा. एवढा एक नियम पाळला तरी चिखल्यांपासून बरीच सुटका होते. बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी, भुसभुशीत व्हायला लागली की रात्री तिथे अँटिफंगल पावडर. टाचांच्या भेगांना आजीचं कोकमाचं तेल अजूनही एक नंबर आहे.

आणि फोड येण्याआधी तिथे आग व्हायला लागते, ती सूचना असते. 'पुढच्या गावात बघू' म्हणू नका. तिथल्या तिथे थांबा, जागा कोरडी करा, ल्युकोप्लास्टची पट्टी सुरकुती न पडू देता लावा. फोड आलाच आणि छोटा असेल तर फोडू नका. मोठा असेल, चालवत नसेल, तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी तशीच राहू द्या, अँटिसेप्टिक लावून झाका. वाटेत कुणीतरी प्रेमाने सुई-दोरा घेऊन येईल आणि फोडातून दोरा ओवून तसाच ठेवायचा सल्ला देईल. हात जोडून नाही म्हणा. चिखलातून चालताना तो दोरा जंतूंना आत जायची वाट करून देतो.

मांड्या घासणं हा असाच दुसरा छळ, ज्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही. ओली जीन्स घालून पंधरा किलोमीटर चाललेला माणूस दुसऱ्या दिवशी ज्या चालीने चालतो, ती पाहिली की सगळं कळतं! आतून गुडघ्यापर्यंतची लायक्रा शॉर्ट, वर सैल ट्रॅक पँट. निघण्याआधी व्हॅसलीन. मुलींसाठीही हेच लागू.

पाऊस येणार, पण किती?

वारी तिथीने निघते, पाऊस आपल्या मर्जीने. २०२३ मध्ये आषाढी एकादशी २९ जूनला होती आणि मान्सून मुंबईत पोचला २५ जूनला. म्हणजे वारकऱ्यांनी निम्म्याहून जास्त वाट उन्हातच काढली. पुढच्याच वर्षी एकादशी १७ जुलैला आली. तेव्हा बॅग भरण्याआधी कॅलेंडर बघा. एकादशी जूनअखेरीस असेल तर उन्हाची तयारी आधी, जुलैच्या मध्यावर असेल तर पावसाची.

दुसरी गोष्ट भूगोलाची. पुण्याहून निघताना धो धो पाऊस असला तरी पालखी जसजशी पूर्वेला सरकते तसतसा तो मागे पडतो. नीरा ओलांडून लोणंद, फलटण, माळशिरस, हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. ढग असतात, वारा असतो, चार शिंतोडे पडतात आणि मग चटका देणारं ऊन. रुंद केलेल्या रस्त्यावर जुन्या झाडांची सावलीही कमी झाली आहे. तेव्हा महागडं रेन जॅकेट पहिल्या चार-पाच दिवसांचा पाहुणा ठरण्याची शक्यता बरीच.

शिवाय आपल्या दमट हवेत चालताना रेन जॅकेट आतून घामाने भिजवतं. बाहेरून भिजा नाहीतर आतून, चॉइस तुमचा! माझं मत पोंचोला. तो सैल असतो, खालून वारा खेळतो, पाठीवरची सॅकही झाकली जाते आणि दुपारी तोच खाली अंथरून आडवं होता येतं. दिंडीतल्या आज्या-मावश्या प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ करून डोक्यावरून घेतात ती हीच आयडिया, जुन्या इरल्याची. बोहरी आळीत हवा तेवढा जाड कागद मीटरवर कापून मिळतो. छत्री मात्र दिंडीत नको. रांगेत शेजाऱ्याचा डोळा आणि तुमची काडी यांत वितीचं अंतर असतं. वॉकिंग पोलचंही तेच. त्या गर्दीत टाळ वाजवायला हात मोकळे असलेले बरे.

उन्हासाठी सगळ्यात भारी गिअर पन्नास-शंभर रुपयांत मिळतं, त्याचं नाव पंचा! पातळ, सुती, तासाभरात वाळणारा. ओला करून डोक्यावर घ्या, मानेला गुंडाळा, आंघोळीनंतर अंग पुसा, बसायला अंथरा, केळी बांधून न्या. टर्किश टॉवेल एकदा भिजला की पंढरपूरपर्यंत वाळत नाही.

कपड्यांचं म्हणाल तर चालायचे दोन सेट, झोपायचा एक, आतले कपडे चार. टी-शर्ट लवकर वाळणारे, पूर्ण बाह्यांचे असतील तर सनस्क्रीनही कमी लागतं. नवी टी-शर्ट काखेत काचत असेल तर सरळ उलटी घाला, शिवण बाहेर. पांढरा सदरा-पायजमा घालायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. फक्त फोटोपुरता घालणार असाल तर चिखलात त्याचं काय होतं ते दुपारपर्यंत दिसेलच!

मुलींनो, हे खास तुमच्यासाठी

मांडीपर्यंत दोन्ही बाजूंना चिरा असलेला लांब, सैल कुर्ता हा वारीतला सगळ्यात सोयीचा पोशाख. मुक्कामांवर फिरती स्वच्छतागृहं असतात, पण वाटेत आणि पहाटे गर्दीच्या वेळी दर वेळी मिळतीलच असं नाही, तेव्हा लांब कुर्त्याची किंमत कळते. राहुटीत कपडे बदलायला वरून घालायचा सैल गाऊन न्या. स्पोर्ट्‌स ब्रा आधी वापरून जुनी झालेलीच घ्या, नवीचे पट्टे काचतात. पॅड वाटेत मिळतील या भरवशावर राहू नका. मेन्स्ट्रुअल कप वापरणार असाल तर दोन-तीन महिने आधी सवय करा. वापरलेले पॅड बांधून ठेवायला गडद रंगाच्या पिशव्या हव्यातच. आणि कपाळाला बांधायचा छोटा टॉर्च. पहाटे अंधारात बाहेर जाताना दोन्ही हात मोकळे राहतात.

राहुटीत

एका राहुटीत पंधरा-वीस माणसं. जमीन ओली असणार हे गृहीत धरा : खाली प्लॅस्टिकचा कागद, वर फोमची गुंडाळी, वर चादर. झालं अंथरूण. स्लीपिंग बॅग घरी ठेवा, जूनमध्ये तिच्यात उकडून निघाल. झोपमोड होणाऱ्यांनी इअरप्लग न्यावेत, मात्र कीर्तन संपल्यावर घालावेत! ताट, वाटी, तांब्या स्वतःचा. पंगतीत थर्मोकोलच्या ताटांचा ढीग वाढवायचा नाही, आणि पातळ आमटी त्यात राहतही नाही. राहुटीत चार्जिंगचे पॉइंट मोजके असतात, तेव्हा मोठी पॉवर बँक हवी. गर्दीत नेटवर्क कोलमडतं, त्यामुळे ग्रुपने भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवून निघावं.

एक मात्र खरं. तुमच्याकडची पट्टी, क्रीम, मलम यांचं प्रमाण स्वतःच्या गरजेच्या चौपट ठेवा. तुम्ही विसाव्याला किट उघडून बसलात की शेजारची एखादी आजी हळूच विचारते, 'बाळा, माझ्या टाचेला बी लाव की जरा.' मग तिच्या मागे दुसरी. चांगला अर्धा तास जातो त्यात. चालताना ज्यांच्याशी काय बोलावं कळत नव्हतं, त्यांच्याशी ओळख अशीच होते.

पंढरपूरसाठी कपड्यांचा एक स्वच्छ सेट सुरुवातीपासून वेगळ्या पिशवीत सील करून ठेवा आणि सतरा दिवस त्याला हात लावू नका. चंद्रभागेतून बाहेर आल्यावर कोरडा शर्ट अंगावर चढवण्यात जे सुख आहे ते कुठल्या स्पामध्ये नाही. परतीची एसटी खच्चून भरलेली असेल. त्या गाडीत, सहप्रवाशांवर दया म्हणून, बूट काढू नका.